तात्यांचं नामंजूर झालेलं निराधारचं प्रकरण परत कसं लावलं

पार्श्वभूमी

आधीच सांगतो, खरं नाव, गाव, तालुका काही लिहीत नाही. दक्षिण कोकणातलं खाडीकाठचं गाव, आणि माणसाला आपण तात्या म्हणूया. वय आता ४७. माझं तिठ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, फॉर्म वगैरे भरून देतो, त्यामुळे हे प्रकरण पहिल्यापासून माझ्या हातातून गेलंय. आणि पहिला अर्ज जो नामंजूर झाला तो मीच भरला होता, हेही आत्ताच सांगून टाकतो, नंतर लपवल्यासारखं वाटायला नको.

तात्या कलमांवर चढणारे. स्वतःची थोडी वाटणीतली कलमं आणि बाकी सीझनला दुसऱ्यांच्या बागेत आंबे उतरवायचे. एप्रिल २०२१ ला वरच्या फांदीवर झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) अडकला, ते थोडं पुढे सरकले आणि फांदीच मोडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पायाची नसही दुखावलेली. आता खुबा नीट वाकत नाही आणि पाऊल पुढून उचललं जात नाही, चालताना चप्पल घासत जाते. उतरणीच्या पाणंदीत काठी लागतेच. झाडावर चढायचा तर विषयच संपला.

घरात तात्या, काकी, एक मुलगी आणि तात्यांची आई, म्हणजे आमची आजी. काकी काजूच्या कारखान्यात जातात, तेही वर्षातले सात-आठ महिने. धाकटे भाऊ मुंबईला कंपनीत, ते मे महिन्यात आणि गणपतीला येतात.

पहिला अर्ज आणि तो कसा पडला

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची, आमच्याकडे नुसतं 'संजय गांधी' किंवा 'निराधार' म्हणतात. दिव्यांग माणसाला त्यात बसायला किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. बाकीच्यांना म्हणजे विधवा वगैरेंना मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांना ५० हजार. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नोव्हेंबर २०२२ ला अर्ज केला. तात्यांकडे सिव्हिलचा दाखला होता ४५ टक्क्यांचा, पण तात्पुरता, डिसेंबर २०२१ चा, दोन वर्षांसाठीच. उत्पन्नाचा दाखला नवीन काढायला हवा होता. पण काकी म्हणाल्या मुलीच्या अकरावीच्या वेळी काढलेला आहे ना घरात, मार्चपर्यंत चालतो. मी बघितलं, तारीख चालत होती. आकडा बघितला नाही. म्हणजे डोळ्याने बघितला, डोक्याने नाही. तो होता ७२ हजार. शाळेच्या सवलतीला मर्यादा बरीच वर असते, म्हणून तेव्हा कोणीतरी महिना ६ हजार धरून बारा महिन्यांचे ७२ लिहिले होते, खरं उत्पन्न किती हे कोणी मोजलंच नव्हतं.

मार्च २०२३ मधे ग्रामपंचायतीत कोणीतरी तात्यांना सांगितलं, तुमचा यादीत नाय. बस एवढंच. लेखी काही आलं नाही. आणि तात्यांनी समजूत करून घेतली की आपले टक्के कमी पडले. मग ते चिडलेच, "माका नको ता पेन्शन, हात पसरूचे नाय माका" असं म्हणून फाईल माळ्यावर टाकली. दीड वर्ष ती तिथेच, मधल्या काळात दाखल्याची मुदतही संपून गेली.

परत विषय कसा निघाला

२०२४ च्या गणपतीत मुंबईचे काका, म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, आले होते, आरतीनंतर बसलेलो असताना त्यांनी सहज विचारलं की नामंजूर का झालं. आणि बसलेल्या सात-आठ जणांनी सात-आठ कारणं सांगितली. टक्के कमी, वशिला नाही, सरपंचाशी पटत नाही, मुलगी मोठी झाली, सातबारावर बाग आहे. मला तेव्हा जाणवलं की खरं कारण आमच्यापैकी एकालाही माहीत नाही, आणि ज्याने फॉर्म भरला त्यालाही नाही. लाज वाटली खरं तर.

काय काय पर्याय होते

एक, तोच अर्ज नवीन तारखेने परत टाकायचा. गावात बहुतेक लोक हेच करतात, आणि तीन-तीनदा नामंजूर होतात.

दुसरा, तालुक्याचा एक एजंट. चार हजार मागत होता, "कमिटीत आपली माणसं आहेत" म्हणाला. मी त्याला विचारलं, मागच्या वेळी कशात अडलं ते सांगू शकाल का, तर म्हणाला ते बघायची गरज नाही. तिथेच विषय सोडला. ज्याला रोग माहीत नाही त्याचं औषध चार हजाराला कशाला घ्यायचं.

तिसरा, केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. तिला ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, तात्या दोन्हीत बसत नाहीत. चौथा, ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी, तो मागायला हवाच पण ती दर महिन्याची पेन्शन नव्हे.

पाचवा म्हणजे आधी कारण काढायचं आणि मगच अर्ज. यात वेळ जाणार होता, तात्यांचा तर विरोधच होता. "माका परत त्या हापिसात न्हेव नको" म्हणाले. शेवटी ठरलं की कारण कळेपर्यंत त्यांना कुठेच न्यायचं नाही, फक्त सही घ्यायची. मला वाटतं त्या एका गोष्टीमुळेच ते तयार झाले.

कारण काढलं

माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागितलं काय तर तात्यांच्या अर्जावरचा तलाठ्याचा अहवाल आणि अर्ज मंजूर-नामंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तातला त्यांच्यापुरता भाग. "का नामंजूर केलं" असा प्रश्न मुद्दाम विचारला नाही, कारण या कायद्यात कागद मागता येतो, खुलासा मागायला गेलं की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येऊ शकतं. ३० दिवसांची मुदत असते, २६ व्या दिवशी पत्र आलं. चार पानं, दोन रुपये पानाप्रमाणे आठ रुपये.

टक्क्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त, आणि प्रमाणपत्र तात्पुरत्या स्वरूपाचं, एवढंच. तलाठ्याच्या अहवालात आणखी दोन ओळी होत्या, सातबारावर आंबा कलमांची बाग असल्याबद्दल आणि रेशनकार्डावर मुंबईला नोकरीत असलेल्या भावाचं नाव असल्याबद्दल.

मी ते पान तात्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे पायाचा कायच नाय?" दीड वर्ष त्या माणसाला वाटत होतं की सरकार म्हणतंय तू पुरेसा लंगडा नाहीस.

आता एक बाजूला सांगतो, साधा अर्ज करून "कारण कळवावे" म्हटलं असतं तरी कदाचित मिळालं असतं. माहितीचा अधिकार म्हटलं की टेबलामागचा माणूस जरा आखडतो, पुढे त्याच टेबलावर आपल्याला जायचं असतं. पण दीड वर्ष झाल्यावर मला तोंडी उत्तरावर विश्वास नव्हता.

निर्णय एक: उत्पन्न

आता खरं मोजायला बसलो. काकींचे कारखान्याचे वर्षाचे साधारण ३० हजार. कलमं सगळी मिळून ३६, ती कराराने एका व्यापाऱ्याला दिलेली, वर्षाला ३२ हजार, त्यात चार हिस्से, म्हणजे तात्यांच्या वाट्याला ८ हजार. झाले ३८ हजार. तात्यांची मजुरी शून्य. म्हणजे २०२२ लाही ते बसत होते आणि आम्हीच ७२ चा कागद जोडून त्यांना बाहेर काढलं.

पण सातबारा बघितला तर कोणालाही बागायतदारच वाटेल, कारण वडलांच्या पश्चात वारस नोंद होऊन त्यावर अकरा नावं, वाटप झालेलं नाही, आणि क्षेत्र सगळं एकत्र. कोकणात घरोघरी हेच. कागदावर जमीनदार आणि हातात येणारे पैसे आठ हजार. तलाठी (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय पण आम्ही तलाठीच म्हणतो) तरी काय करणार, समोर जो कागद येईल तेच लिहिणार. म्हणून यावेळी आम्ही कराराची झेरॉक्स, चारही हिस्सेदारांच्या सहीचं साधं पत्र की पैसे असे वाटले जातात, आणि काकींच्या कारखान्याचा मजुरीचा कागद असं सगळं घेऊन त्यांच्याकडे गेलो. अर्ज ऑनलाइन टाकायच्या आधी गेलो, नंतर नव्हे. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या, घरी येऊन बघून गेले, आणि डिसेंबर २०२४ मधे ३८ हजारांचा दाखला निघाला. मधे विधानसभेची आचारसंहिता होती त्यात महिना-दीड महिना सगळं थंड होतं, ते धरूनच चालायचं.

आकडा कमी दाखवा असं आम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं, २० हजार लिहा म्हणजे डोकेदुखी नको. ते केलं नाही. एक तर खोटं, आणि दुसरं म्हणजे गरजच नव्हती, मर्यादा ५० ची आहे. गंमत म्हणजे खिडकीवरच्या माणसानेही नंतर "२१ च्या आत लागतं" असंच सांगितलं. मी शासन निर्णयातलं दिव्यांगांच्या ५० हजारांचं पान छापून नेलं होतं, ते शांतपणे पुढे केलं, वाद घातला नाही. त्याने वाचलं आणि ठेवून घेतलं.

निर्णय दोन: रेशनकार्ड

हे सगळ्यात नाजूक. मी सरळ सांगितलं होतं की विभक्त कार्ड करून घ्या, भावाचं वेगळं तुमचं वेगळं. आजी माजघरात होती, तिने 'विभक्त' शब्द ऐकला आणि बाहेर आली. "घर फोडतास काय रे माझा? त्येचो बापूस असतो तर उंबऱ्यात उभो केलो नसतो तुका." मी गप्प. तिच्या दृष्टीने कार्ड म्हणजे घर, त्यावरची नावं म्हणजे तिची मुलं, पेन्शनसाठी एकाला पुसायचं म्हणजे काय.

मुंबईच्या काकांना फोन लावला तर ते हसायलाच लागले, "अरे करून टाक, माका काय विचारतंस, मी काय रेशन नेतंय काय थयसून?" पण आजीसमोर तेही बोलायला तयार नाहीत.

शेवटी वाट निघाली ती पुरवठा शाखेतल्या एका बाईंमुळे. त्या म्हणाल्या, घर एकच आहे तर विभक्त कशाला करता, भाऊ मुंबईला राहतात तर त्यांची नावं इथून कमी करून दाखला घ्या, ते तिकडे लावतील. म्हणजे आजी तात्यांच्याच कार्डावर राहिली, कार्ड तेच राहिलं, फक्त मुंबईची चार नावं तिकडे गेली. आजीला सांगितलं की काकांना तिकडे धान्य मिळावं म्हणून नावं नेतोय. हे अर्धं खरं होतं. मी त्यावर फार विचार केला नाही तेव्हा.

निर्णय तीन: परत वैद्यकीय बोर्डासमोर जायचं का

तात्पुरत्या दाखल्याची मुदत संपलेली, त्यामुळे जावं तर लागणारच होतं, पण भीती ही की ४५ चे ३८ झाले तर? दाखला आता स्वावलंबन पोर्टलवरून, यूडीआयडी कार्डासह (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतो. कार्डाला रंग आहेत, ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. आम्हाला पिवळं हवं होतं.

लोकांना वाटतं टक्क्यांची बेरीज होते, तसं नाही. खुब्याचे ३० आणि पावलाचे २० असले तर ५० होत नाहीत, एक सूत्र आहे त्याने ते ४३ च्या आसपास येतात. म्हणून प्रत्येक दोष मोजला जाणं महत्त्वाचं, एक सुटला तर थेट चाळीसच्या खाली. पहिल्या वेळी तात्या फक्त एक्सरे घेऊन गेले होते. यावेळी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, जुने-नवे एक्सरे, आणि नसेची तपासणी केलेला रिपोर्ट असं सगळं तारखेप्रमाणे लावलं. नसेची तपासणी आधी कधी झालीच नव्हती, ती करून घ्यायला लागली, त्यात पैसे गेले.

आणि आणखी एक. तात्या परक्यासमोर ताठ चालतात. डॉक्टरने विचारलं कसे आहात की "बरा आसय". काकींनीच मला हे सांगितलं, की मागच्या वेळी काठी रिक्षात ठेवून आत गेले होते! मी सांगितलं, तात्यानू, नाटक अजिबात नको, पण पाणंदीतून चालता तसेच चाला, काठी घेऊन. आणि विचारलं तर काय जमत नाही ते सांगा, मांडी घालता येत नाही, परसाकडे बसता येत नाही. ते त्यांना फार जड गेलं. पहाटेची एसटी, मधे एक गाडी बदलून, जिल्ह्याला दिवसभर बसले. फेब्रुवारी २०२५ ला बोर्ड झाला आणि मार्चमधे ४७ टक्के, कायमस्वरूपी असा दाखला आला. कमी आले असते तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात त्यावर अपील करता येतं, ते कागद मी तयार ठेवले होते, लागले नाहीत. पिवळं कार्ड हातात आल्यावर तात्यांना सगळ्यात आनंद झाला तो एसटीच्या ७५ टक्के सवलतीचा.

दुसरा अर्ज

एप्रिल २०२५ ला टाकला. वर एक पानाचं पत्र जोडलं: मागचा अर्ज अमुक दोन कारणांनी अपात्र ठरला होता, त्यातलं पहिलं आता असं दूर झालंय, पुरावा पान ३ ते ७, दुसरं असं, पुरावा पान ८. मला विचाराल तर मंजुरीचं निम्मं श्रेय त्या पत्राला. टेबलावरच्या माणसाला जुनी फाईल शोधायला लागली नाही.

मधेच वाडीत आवई उठली की तात्यांना पेन्शन लागली की काकींचे लाडक्या बहिणीचे १,५०० बंद होणार. काकी घाबरून अर्ज मागे घ्या म्हणायला आल्या. तिथे अट ती की त्या बाईला स्वतःला दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती अपात्र, नवऱ्याच्या पेन्शनचा त्याच्याशी संबंध नाही, आणि कुटुंबाची अडीच लाखांची मर्यादा तर कोसभर लांब. हे समजवायला तीन दिवस गेले.

जुलैच्या बैठकीत मंजूर झालं, ऑगस्टमधे पत्र आलं.

काय मिळालं, काय गेलं

पत्र आलं पण पैसे नाहीत. सप्टेंबर गेला. तात्या रोज जिल्हा बँकेच्या शाखेत पासबुक भरायला. शेवटी कळलं की आता पैसे डीबीटीने जातात, म्हणजे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे तर आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि तात्यांचं आधार जोडलेलं होतं पोस्टातल्या जुन्या खात्याला जे ते विसरूनच गेले होते. पैसे तिथे गपचूप पडलेले. अर्ज करतानाच आधार कुठल्या बँकेला जोडलंय हे मोबाईलवर दोन मिनिटांत बघता येतं, मी बघितलं नाही. परत माझीच चूक.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले, त्यामुळे तात्यांना वाढीव रक्कमच लागू झाली. पण मागचं काही मिळालं नाही, मंजुरीच्या आधीचा फरक मिळत नाही. मार्च २०२३ लाच मंजूर झालं असतं तर जूनपर्यंत महिना १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५००, म्हणजे जुलै २०२५ पर्यंत ४१,५०० रुपये झाले असते. एका चुकीच्या दाखल्याची ही किंमत. तो आकडा मी तात्यांना सांगितलेला नाही.

आज परत करायचं झालं तर

उत्पन्नाचा दाखला त्याच कामासाठी नवीन काढीन, घरात पडलेला कधीच वापरणार नाही. आता दुकानात तर मी दाखला हातात आला की आधी आकडा मोठ्याने वाचतो, लोक हसतात. नामंजुरीचं कारण दीड वर्षाने नाही, त्याच आठवड्यात लेखी मागीन. दाखल्यावर 'तात्पुरता' लिहिलं असेल तर मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लावीन.

एजंटबद्दल माझं मत तेच आहे. उलट तलाठ्याबद्दल बदललं, पहिल्या वेळी आम्ही त्यांना शिव्या घातल्या, पण त्यांच्यापुढे खरा हिशोब आम्ही ठेवलाच नव्हता.

आजीशी मात्र वेगळं वागायला हवं होतं. अर्धं खरं सांगितलं ते मला परवा नडलं. काका या मे महिन्यात येणार म्हणून ती दुकानात आली, पिशवीतून रेशनकार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "पेन्शन लागली मा आता? मगे त्येंची नावां परत घाल." मी म्हटलं बघतो. कार्ड अजून माझ्याच ड्रॉवरमधे आहे.